व्हाळाकाठची हिरवी वाट आणि तिच्यावरचं स्टेज: कामाचा क्रम चुकवू नका

गेल्या काही वर्षांत गोव्यातल्या वेगवेगळ्या वॉर्डांतल्या लोकांनी मला आपापल्या व्हाळाकाठचे, म्हणजे ओढ्याकाठचे, प्लॅन आणून दाखवले. सगळ्यांचं पहिलं पान एकच. थ्रीडी चित्र, त्यात ॲम्फीथिएटर, हातात फुगा घेतलेलं पोर, मागे लालभडक आकाश. गटार कुठे जातं ते शेवटून दुसऱ्या पानावर आणि टॉयलेट तर बऱ्याचदा नाहीच. म्हणजे जे सगळ्यात शेवटी ठरवायचं ते आधी ठरलेलं असतं आणि मग पाणी, झाडं, माणसं त्यात कोंबायची. खाली लिहितोय ती पद्धत दोन मीटर रुंदीच्या व्हाळापासून पणजीतल्या सांत इनेज खाडीपर्यंत कुठेही चालेल. खर्चाचे आकडे मुद्दाम देत नाही, कंत्राटदार बदलला की तेही बदलतात.

सुरू करण्याआधी हातात काय हवं

मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक, एक मोठं भिंतीवरचं कॅलेंडर, गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी, ऑइल पेंटचा डबा, आणि एक अख्खा पावसाळा. शेवटच्या गोष्टीवरच लोक कुरकुरतात. फंड मार्चमध्ये लॅप्स होईल म्हणतात. होऊ दे बाबा, पुढच्या वर्षी परत मागता येतो, पण चुकीच्या लेव्हलला ओतलेलं काँक्रीट कोणी काढत नाही.

कॅलेंडरवर तीन रंगांनी लिहायचं. निळ्याने उधाणाची भरती, हिरव्याने तुमच्या भागातले उत्सव (जत्रा, चर्चचं फेस्त, जूनमधला सांजांव, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, होळीच्या वेळचा शिगमो, भजनी सप्ताह, शाळेची गॅदरिंग), लालने मागच्या वर्षी पाणी कुठे तुंबलं त्या तारखा. हे लिहायला बसलात की एक गोष्ट आपोआप दिसते जी कुठल्याच प्लॅनमध्ये मी पाहिली नाही: आपले निम्मे उत्सव चंद्रावर चालतात आणि पाणीही चंद्रावरच चालतं. शिगमो फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास, साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटीच्या काठी होड्या सोडतात ती त्रिपुरारी पौर्णिमेला, कोजागिरी तर पौर्णिमाच. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं आणि ते आपल्याकडे दुपारी आणि मध्यरात्रीच्या आगेमागे चढतं. म्हणजे नाटक रंगात आलेलं असतं, काठावर सगळ्यात जास्त गर्दी असते, आणि नेमकं तेव्हाच पाणीही सगळ्यात वर असतं.

पायरी १: पाणी बघा, मोजा, भिंतीवर लिहा

जून ते सप्टेंबर, जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की छत्री घेऊन जागेवर जायचं. पुलाच्या, कुंपणाच्या भिंतींवर पाणी जिथपर्यंत आलं तिथे पेंटची रेघ आणि बाजूला तारीख, वेळ. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा खडूने खुणा केल्या होत्या, दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळं धुऊन गेलेलं, म्हणून ऑइल पेंट. शेजारच्या म्हाताऱ्या बाई गॅलरीतून ओरडल्या, ‘अरे आणखी वर, आमच्या तुळशीच्या दुसऱ्या पायरीला लागलेलं त्या वर्षी!’ ती पायरी लेव्हल नळीने मोजली तर माझ्या रेघेपेक्षा चक्क दोन चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) वर. तेव्हापासून तुळशीच्या पायऱ्या हेच माझं पहिलं रेकॉर्ड.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे ‘मी सकाळी जाऊन आलो, काही नव्हतं’ याला अर्थ नाही. कोष्टक बघून जा.

मग हिशोब. एका दिवसात १०० मिमी पाऊस आपल्याकडे काही नवलाचा नाही, वर्षाला सरासरी ३००० मिमीच्या आसपास पडतो. १००० चौरस मीटर जागा तुम्ही फरशीने झाकली तर त्या एका दिवसात तिच्यावरून १ लाख लिटर पाणी वाहणार. आधी त्यातलं बरंचसं मातीत जायचं, आता सगळं व्हाळात, आणि व्हाळाचं तोंड तेव्हा भरतीने बंद. पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं ते असं.

आता जागेवरच्या सगळ्या वस्तू दोन गटांत टाका. बुडल्या तरी चालतील अशा: पायऱ्या, दगडी बाक, गवत, खेळायची मोकळी जागा. बुडाल्या तर संपलं अशा: वीज पॅनल, टॉयलेट, पुस्तकं, वाद्यं, साउंड. दुसऱ्या गटाची जमीन तुमच्या सगळ्यात वरच्या रेघेपेक्षा किमान अर्धा मीटर वर. यात तडजोड नाही.

ओहोटीला, आमच्याकडच्या भाषेत सुकतीला, काठाने चालत जा आणि व्हाळात किती पाइप उघडे पडलेत ते मोजा. सांडपाणी येत असेल तर आधी ते बंद. घाण वासात बसून कोणी कविता ऐकत नाही, मीही नाही.

सावधान: काठ पक्का करायचा म्हणून दोन्ही बाजूंना आणि तळाला काँक्रीट ओतू नका. पाणी वेगाने खाली जातं आणि खालच्या वाड्यावर चढतं, काठच्या झाडांची मुळं तुटतात, खेकडे-मासे जातात. उतारावर चिरे सिमेंटशिवाय रचून फटींत गवत-झुडपं धरू द्या. जुनं मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, असेल तर त्याला हात लावण्याआधी ते चालवणाऱ्या माणसाला भेटा, भरतीला आपोआप मिटणारी आणि सुकतीला उघडणारी ती दारं अख्ख्या खाजनाचं (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचं) पाणी सांभाळत असतात.

पायरी २: जमीन कुणाची आणि नकाशा काय म्हणतो

हे रटाळ आहे, पण इथेच सगळ्यात जास्त कामं अडकतात, तेही अर्धं बांधून झाल्यावर.

एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीचा गोव्यातला कागद) काढा, शहर सर्व्हेत असेल तर तिथला फॉर्म. मालक पालिका, सरकार, कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) की खासगी, आणि कूळ किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव लागलंय का ते बघा. ‘ती जागा पालिकेचीच आहे हो’ असं नगरसेवक तोंडी सांगतो, उताऱ्यावर दुसरंच असतं.

पाण्याला भरती लागत असेल तर केंद्राचे किनारी नियम (सीआरझेड) लागू होतात, समुद्र दिसत नसला तरी. कुठपर्यंत, तर वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्याचा खारेपणा हजार भागांत ५ भाग असतो तिथपर्यंत. २०११ च्या अधिसूचनेत खाडीच्या काठापासून १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी ते. २०१९ च्या अधिसूचनेत १०० च्या जागी ५० मीटर. तुमच्या पट्ट्याला कुठला मंजूर नकाशा लागतो ते गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर जाऊ नका. खारफुटीचं क्षेत्र १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा सोडावा लागतो. खाजन जमीन असेल तर २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळं कलम आहे, तिथे बांधकामाचा विचारच सोडा. झाड तोडायचं तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि खरं सांगायचं तर झाड तोडावं लागतंय तिथे बहुतेक वेळा प्लॅनच चुकलेला असतो.

तपासा: उतारा, किनारी नकाशा आणि तुमची पूररेघ (पेंटची सगळ्यात वरची रेघ) हे तिन्ही एकाच स्केलवर ट्रेसिंग पेपरवर एकमेकांवर ठेवा. जी जागा तिन्हीत मोकळी उरते तेवढीच तुमची बांधायची जागा. लांबलचक पट्ट्यात अशी एखादीच चौकोनी जागा उरते, आणि तेवढी पुरते.

पायरी ३: आज तिथे कोण येतं ते लिहून काढा

एक कामाचा दिवस, एक रविवार, एक उत्सवाचा दिवस, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. फॉर्म भरून घेऊ नका, लोक फॉर्मवर ‘गार्डन पाहिजे’ एवढंच लिहितात. बसून बघायचं. पदेर (पाववाला) सायकल कुठून काढतो, शाळेची पोरं कुठला शॉर्टकट घेतात, गरी टाकून बसणारे कुठल्या सावलीत बसतात, बायका अंधार पडल्यावर कुठल्या टोकापासून वळून परत जातात. हे शेवटचं टोक नकाशावर ठळक मारा, तिथला दिवा आणि तिथली दृष्टी सुधारली तरच पुढचा भाग वापरात येणार.

आमच्या इथे एक मासे विकणारी काकी रोज साडेचारला पुलाच्या कठड्यापाशी टोपली ठेवते. प्लॅनमध्ये त्या कोपऱ्यावर कारंजं होतं. तिला विचारलं इथेच का, तर म्हणाली, ‘उतरती उन्हं भिंतीआड जातात, बस इथंच थांबते आणि धुवायला पाण्याची गाडी लागत नाही, बालदी टाकली की झालं.’ सावली, गिऱ्हाईक, निचरा. आर्किटेक्टची फी न घेता तिने साइट ॲनालिसिस करून दिलं. कारंजं गेलं, तिथे चिऱ्याचा कट्टा, एक नळ आणि जाळीचं गटार आलं.

मांड (उत्सवाची पवित्र मोकळी जागा), पिंपळाचा पार, राखणदाराची (गाव राखणाऱ्या देवाची) जागा, खुरीस म्हणजे क्रॉस, हे सगळं नकाशावर घ्या पण त्यांचं ‘डेव्हलपमेंट’ करायला जाऊ नका. मांड म्हणजे रिकामं पडलेलं स्टेज नव्हे. बायकांचे धालो नाच, शिगमो तिथे होतात कारण ती जागा तशी मानलेली आहे, शेणाने सारवतात, अनवाणी जातात. तिथे पेव्हर घातले की लोक चार पावलं बाजूला सरकतात आणि तुमचे पेव्हर पार्किंगला जातात. फार तर तिथे जाणारी वाट नीट करा, आणि तेही गावकरांना विचारून.

पायरी ४: आधी वाट आणि सावली

स्टेज, खोली, भिंतचित्रं, काहीही ठरवण्याआधी वाट सलग झाली पाहिजे. मध्येच तुटणारी दोन किलोमीटरची वाट कामाची नाही, सलग अर्धा किलोमीटर कामाची.

रुंदी मोकळी १.८ मीटर हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतील. मोकळी म्हणजे खांब, डस्टबिन, झाडाचं आळं सोडून. आडवा उतार ५० ला १. चढ असेल तर १२ ला १ पेक्षा तीव्र नको, म्हणजे ६० सेंटिमीटर चढायला ७.२ मीटर लांब रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा. एका ठिकाणी मी बघितलं, रॅम्प अगदी मापात, कठडा चकचकीत, आणि वर पोचलं की समोर चार बोटं उंच चेंबरचं झाकण. व्हीलचेअरवाला माणूस तिथूनच मागे फिरणार. म्हणून रॅम्प झाल्यावर ड्रॉइंगवर टिक मारू नका, व्हीलचेअर नाहीतर निदान बाळाची गाडी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा जाऊन या.

सावलीत पॉलिश केलेली फरशी घालू नका, जुलैत शेवाळ धरलं की सर्कस. चिराही सावलीत निसरडा होतो, खरबरीत फिनिश आणि वर्षातून दोनदा ब्रश, एवढं कबूल असेल तरच घाला.

झाडं: काठाच्या ओल्या बाजूला भेंड, उंडी, करंज, समुद्रफळ; वाटेवर बकुळ, म्हणजे आमचं ओवळ, मोठी जागा असेल तिथे वड-पिंपळ. गुलमोहर दिसतो छान पण वाऱ्यात फांद्या मोडतात, बाकावर नको. झाडाभोवती सगळ्या बाजूंनी किमान १ मीटर उघडी माती सोडा. बुंध्याला गोल सिमेंटचा कट्टा बांधायची जी हौस आहे ना, तिने जितकी झाडं मारली तितकी वाऱ्याने मारली नसतील.

वाट आणि इमारत यांचं नातं बघायचं असेल तर कांपालला कला अकादमीत जा. चार्ल्स कोरियांचं डिझाइन, १९८३ साली पूर्ण झालेलं. रस्त्यावरून आत शिरलं की तिकीट नसलं तरी माणूस सावलीतून सरळ मांडवीच्या काठापर्यंत जातो, इमारत वाट अडवत नाही, वाटच इमारतीतून जाते. आपल्या छोट्या कामात एवढा एकच धडा घेतला तरी पुष्कळ: भिंत बांधून वाट वळवायची नाही.

खारफुटीतून वाट न्यायची असेल तर ती वेगळी परवानगी आणि वेगळं काम. पणजीत रुआ द ओरेंच्या खाडीकाठी खारफुटीतला बोर्डवॉक आहे, तिथे जाऊन खाली वाकून बघा, चिखलातून वर आलेली श्वासमुळं दिसतील. खांब त्यांच्यामधून ठोकायचे नाहीत, वाट अरुंद आणि उंच ठेवायची, फळ्यांमध्ये फट ठेवायची म्हणजे खाली उजेड पोचतो, पण फट १२ मिमीपेक्षा जास्त नको आणि फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या, नाहीतर चाक अडकतं. नट-बोल्ट, कठडे ३१६ ग्रेडच्या स्टीलचे मागा. खाऱ्या हवेत ३०४ वर गंजाचे डाग लवकर येतात, आणि बिलात ‘स्टेनलेस’ एवढंच लिहिलेलं असेल तर ३०४ च येणार.

पायरी ५: टॉयलेट, नळ, वीज, दिवे

याला कोणी नारळ फोडत नाही म्हणून हे राहतं. टॉयलेट पूररेघेच्या वर, वाटेवरून दार दिसेल असं, पण दार थेट स्टेजसमोर नको. बायकांच्या सीट पुरुषांपेक्षा जास्त ठेवा, कुठल्याही नाटकाच्या मध्यंतरात रांग बघितली की कारण कळतं. पिण्याचा नळ, टोपल्या धुवायचा नळ वेगळा. वीज: कार्यक्रमासाठी थ्री फेजचा एक कुलूपबंद पॉइंट, पूररेघेच्या वर. नाहीतर दर वेळी मंडपवाला झाडावरून वायर टाकणार.

दिवे पिवळसर, ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, खाली वळलेले. खारफुटीच्या आणि बगळे झोपतात त्या झाडांच्या दिशेने एकही फोकस नको.

तपासा: पाऊस थांबल्यावर आठ दिवसांनी फेरी मारा. कुठे पाणी साचलेलं दिसलं तर उतार चुकलाय. डेंग्यूच्या डासाला तेवढे दिवस पुरतात.

पायरी ६: आता स्टेज

इथवर आलात तर जागा जवळपास स्वतःच ठरलेली असते. दिशा ठरवताना प्रेक्षकांचं तोंड पश्चिमेला ठेवू नका. थ्रीडी चित्रात स्टेजमागे सूर्यास्त फार सुंदर दिसतो, प्रत्यक्षात संध्याकाळी साडेपाचला बालनाट्य असेल तर अख्खी शाळा कपाळावर हात धरून बसते. प्रेक्षक उत्तरेला तोंड करून बसतील तर सगळ्यात बरं.

काठाकडे उतरणाऱ्या पायऱ्या हेच ॲम्फीथिएटर असू दे. खालच्या दोन-तीन पायऱ्या उधाणात बुडतील असं गृहीत धरूनच बांधा, त्यांच्यावर कायमची लाइट नको, आणि कितवी पायरी कधी बुडते हे दगडावर कोरून ठेवा.

मोठ्या स्टेजपेक्षा आपल्याकडे कमी आहे ती तालमीची जागा. भजनी मंडळ, फुगडीचा ग्रुप, तियात्राची (कोकणी संगीत नाटकाची) टीम, जत्रेच्या नाटकाची हौशी मंडळी, सगळे कुणाच्या तरी गॅरेजमध्ये नाहीतर देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) तालीम करतात. एक छप्पर, दोन बाजू उघड्या, पंखे, आणि हवा खेळती राहील असं लाकडी जाळीचं कपाट. बंद लोखंडी कपाटात पावसाळ्यात घुमट या मातीच्या वाद्याचं चामडं सैल पडतं आणि बुरशी धरते. वाचनाची जागा याच छपराखाली, वेगळी इमारत नको.

शिगम्याचा चित्ररथ त्या रस्त्याने जात असेल तर आडव्या कमानी, लटकते दिवे बांधताना उंची आधी चित्ररथवाल्यांना विचारा. विसरतात, आणि मग मिरवणुकीच्या दिवशी करवत येते.

पायरी ७: बांधायचा मोसम

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गटार आणि काठ, डिसेंबर ते फेब्रुवारी वाट आणि टॉयलेट, मार्च-एप्रिलमध्ये छप्पर. मेमध्ये नवीन काम काढायचं नाही, फक्त मलबा उचलायचा आणि गटारं साफ करायची, कारण व्हाळात राहिलेला एक ट्रक चिऱ्याचा चुरा पहिल्या पावसात पुलाखाली जाऊन बसतो. जूनमध्ये दोन-चार चांगले पाऊस झाले की झाडं. पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव कंत्राटातच लिहा.

पायरी ८: चावी कुणाकडे

हे उद्घाटनाआधी कागदावर हवं, एका पानावर. टॉयलेटची चावी कुणाकडे आणि सुट्टीच्या दिवशी कुणाकडे. तालमीच्या जागेची वही कोण ठेवतं. विक्रेत्यांकडून सोपो (बाजारात बसायची फी) कुठल्या दराने, पावती मिळते का, आणि बसायच्या जागा कुणाच्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहर विक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच असतात, तेव्हा त्यांना बोलावूनच ठरवा. कार्यक्रम झाल्यावर कचरा किती वाजेपर्यंत उचलायचा, डिपॉझिट किती.

लाउडस्पीकर रात्री १० ला बंद. सांस्कृतिक-धार्मिक कार्यक्रमांसाठी १२ पर्यंतची सूट सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं, तेव्हा ‘आपली जत्रा आहे, चालतं’ असं आयोजकाला सांगू नका. हॉस्पिटल, शाळा, कोर्टापासून १०० मीटरचा शांतता पट्टा येतो का तेही याच पानावर.

आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल अडवून ठेवा. पहिल्या पावसाळ्यात जोराचा पाऊस आणि उधाण एकत्र येईल ती रात्र कॅलेंडरवर बघून ठेवा, टॉर्च, छत्री, आणि आठवत असेल तर तो पेंटचा डबा घेऊन त्याला सोबत जागेवर न्या. पॅनल कोरडं, टॉयलेटचं दार उघडतंय, शेजारच्या म्हातारीच्या तुळशीच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलेलं नाही, एवढं बघितलं की मगच सही.